साहेबांचा कोट

धरणाचे दरवाजे उघडणार, ही सूचना द्यायला साहेब कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत दुभाषी बाई तेच खुणांच्या भाषेत सांगू लागल्या. एवढ्यात साहेबांचा पीए तरातरा कंट्रोल रूममध्ये शिरला.

"आधी ती चौकट काढा! साहेबांचा नवा कोट झाकला जातोय. ते हातवारे बघतंय कोण?"

पडद्यावरची चित्रं बदलणाऱ्या स्विचरवर बसलेल्या मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घर कधी सोडायचं आणि कुठे जायचं, ते सांगतायत ते हात."

"मला शिकवू नका. साहेबांवर काहीही नको म्हणजे नको!"

"बरं. नाही ठेवत."

तिच्या लॅपटॉपवरच्या स्विचरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन खाने होते. एकात मागचं मोठं चित्र निवडायचं, दुसऱ्यात त्यावर बसणारी चौकट. तिने दोन्हींची सरळ अदलाबदल केली. दुभाषी बाई पडदाभर झाल्या आणि साहेब, कोटासकट, कोपऱ्यातल्या चौकटीत जाऊन बसले.

"अहो, हे काय केलंत? उद्या घरी बसाल!"

"बसेन की. पण बघा, साहेबांवर आता काही आहे का?" भाषण संपेपर्यंत तिने माउसवरचा हात काढला नाही.



थोड्या वेळाने तिचा फोन थरथरला. नदीकाठी एकट्या राहणाऱ्या, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आईचा मेसेज होता, "बाई पडदाभर दिसल्या, सगळं समजलं. कुलूप लावून निघाले. आता तू खुशाल बोलणी खा."