तळहात

"मामा, बघा. हे तुमचंच हृदय."

वाघमोडेमामा पडद्याच्या अगदी जवळ गेले. काचेच्या बशीतला हृदयाच्या पेशींचा ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली मोठा होऊन पडद्यावर दिसत होता आणि एका लयीत धडधडत होता. मामांनी दिलेल्या दोन चमचे रक्तातल्या पेशींचं रूप पालटून तो वाढवायला मला वर्ष लागलं होतं.

"आयला मॅडम! मी हितं आणि काळीज तिथं?"

एकतीस वर्षं मामांनी आमच्या प्रयोगशाळेतले ससे सांभाळले. मी सुई उचलली की ते सशाच्या डोळ्यांवर तळहात धरायचे. मग ससा शांत व्हायचा.

आज मी औषधाचा थेंब घेऊन वाकले आणि पडदा एकदम काळा झाला. मामांचा तळहात बशीवर होता.

"मामा, ह्याला डोळे नाहीत."

"सवय हो." ओशाळून त्यांनी हात काढला आणि काय करावं ते न सुचून स्वतःच्या छातीवर ठेवला.

थेंब पडला. ठोके अडखळले आणि थांबले. याच औषधाने एकाही सशाला काही झालं नव्हतं. पुढच्या महिन्यात ते माणसांना द्यायचं ठरलं होतं.

मी घाईघाईने पेशींवरचं औषध धुऊन काढलं. ठिपका जरासा हलला, मग पुन्हा लयीत धडधडू लागला.



"अजून टाका, मॅडम," छातीवरचा हात न काढता मामा म्हणाले. "मला कायबी दुखत न्हाई."