आपापली प्रत

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी भांडण झालं, त्यानंतर गायिका शर्वाणी उपासनी आणि पेटीवाले दिगंबर खाडे आज प्रकाशनालाच समोरासमोर आले. मधल्या सहा महिन्यांत बोलणं बंद होतं. अल्बमला मंजुरीसुद्धा दोघांनी आपापल्या घरी ऐकून दिली होती.

"पेटी काढून टाकलीत ते बरं केलंत," शर्वाणीबाई कंपनीच्या निर्मात्याला म्हणाल्या. "मी वरच्या सा वर पोचायच्या आधी हे तिथे जाऊन बसायचे."

"तुमचा सा लागत नव्हता, बाई. कुणीतरी तो दाखवायला नको?" दिगंबरराव म्हणाले. "आणि पेटी कुठे काढलीय? माझ्या घरी नुसती पेटीच वाजते. तुमचा आवाज तेवढा गेलाय. मी लगेच सही करून टाकली."

निर्माता दोघांकडे कंटाळून पाहत होता. "करार वाचलाच नाहीत ना? ऐकणाऱ्याला जे खुपतं ते अल्बम आपणहून गाळतो. हल्ली सगळे असेच निघतात. तुम्हाला हे खुपले, यांना तुम्ही."

"पण बाकीच्या लोकांना आम्ही दोघंही ऐकू येतो ना?" शर्वाणीबाईंचा आवाज खाली आला.

निर्मात्याने सह्यांसाठी लागलेल्या रांगेकडे हात केला. तेवढ्यात रांगेतल्या एका बाईंनी दोघांच्या फोटोचं वेष्टन टेबलावर ठेवलं.

"फार सुरेख अल्बम आहे, मी चारदा ऐकला," त्या म्हणाल्या. "तबलेवाले कुठे बसलेत? मला त्यांची सही हवीय."