व्हॅनचं मागचं दार

“तोल मी सांभाळतो, तू नुसता रस्ता बघ.” लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, सायकलच्या दांडीवर बसलेल्या मालनच्या कानाशी दिनकरमास्तर म्हणाले होते. छत्तीस वर्षं तिनं ते बोल ओवीसारखे जपले.

आज रमजानभाईंच्या वेल्डिंगच्या शेडसमोर तिनं व्हॅन आणून लावली होती. पाय लुळे पडलेले मास्तर पुढच्या सीटवरून आरशात सगळं न्याहाळत होते. गाडीच्या मागं दोन लोखंडी हात बसवायचे होते, एकावर स्टेपनी, दुसऱ्यावर मास्तरांची सायकल. दोन्ही हात खिडकीच्या झडपांसारखे बाहेर वळले पाहिजेत, हा मालनचा हट्ट.

“वहिनी, पक्का स्टँड जोडतो की,” रमजानभाई म्हणाले. “बिजागऱ्यांचा खटाटोप कशाला?”

“सायकल न काढता दार सताड उघडायला हवं, भाई. यांची चाकाची खुर्ची यांच्यासकट आत ढकलता आली पाहिजे.”

“अगं, दिवाळीला मी उठणार,” मास्तर पुढून हसले. “मग खुर्चीत बसवणार कुणाला? भाई, पक्काच मारा. हिला आंबोलीच्या घाटात डबलसीट फिरवतो का नाही बघा.”

रमजानभाईही हसले. मग हातातला पाइप तसाच धरून मालनकडं बघत राहिले.

ती पुढच्या दाराशी गेली. मास्तरांच्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला. तो त्यांना कळलाच नाही, ते अजून आरशातच बघत होते.

“अहो,” ती म्हणाली, “हे पाय आता उठायचे नाहीत. डॉक्टरांनी श्रावणातच सांगितलं होतं. मीच त्यांना तुमच्यापाशी बोलू दिलं नाही.”