रीतीभातींचा ग्रंथ

“आमच्यात आधी पोटभर जेवण, मग प्रार्थना. उपाशीपोटी देव कुणाला आठवतो, बाबा?” नाईलकाठची म्हातारी हसत म्हणाली, आणि इतिहासकाराने तेही लिहून घेतलं.

नऊ वर्षं तो असाच गावोगाव हिंडला. ईस्टरआधीचा उपवास कुठे तीन आठवडे, कुठे सात. श्रद्धा मात्र तीच. हे वाचून माणसं रीतींवरून भांडायची थांबतील, अशी त्याची भाबडी खात्री.

त्याने ग्रंथ राजधानीच्या बिशपांना दिला, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखादा ग्रंथ शेवटपर्यंत वाचला. “वा! प्रत्येक वेगळ्या रीतीपुढे गावाचं नाव! आता कुठल्या चर्चला टाळं ठोकायचं, ते शोधायला नको.”

“स्वामी, नावं तेवढी खोडू द्या मला.”

“नकला शिपायांकडे गेल्यासुद्धा. तुम्ही घोड्यावर बसा. तिकडचे रस्ते तुमच्याइतके कुणाला ठाऊक?”