मालातला दोष

लॉजकडे कुणी फिरकेना, म्हणून लेकीने ते बुकिंगच्या ॲपवर चढवलं. माहिती मात्र अब्बांनीच सांगितली. "लिही, खिडकीतून समुद्र दिसत नाही. पलंग करकरतो. मालक फार बोलतो."

"अब्बा, हे वाचून चिटपाखरूही यायचं नाही!"

"नाही आलं तर नाही. मालातला दोष लपवून विकला, तर ती कमाई हराम."

तिने कपाळाला हात लावला आणि सांगितलं तसं लिहिलं. नवल म्हणजे आठवड्याभरात एक पाहुणा आला. आलेलं गिऱ्हाईक पळू नये म्हणून तिने अब्बांना बजावलं, "आता तोंडाला कुलूप!" बिचारे दोन दिवस मिठाची गुळणी धरून बसले.

पाहुणा गेला आणि ॲपवर पाचपैकी एकच तारा पडला. खाली लिहिलं होतं, 'समुद्र दिसला नाही, पलंगही करकरला. तक्रार नाही. पण मी घरी एकटाच असतो, मालक फार बोलतो हे वाचून आलो होतो. फसवणूक झाली.'

अब्बांचा चेहरा पडला.

त्यांनी दुपारीच पाहुण्याला फोन लावला. अंधार पडला तरी भरपाई अजून चालूच आहे.