दोन वऱ्हाडं

व्याही अन्सेल्मो होडीतून उतरले ते हातात लाकडी हातोडी घेऊनच. खेकड्याच्या नांग्या फोडायची, स्वतःची. मागून उतरलेल्या वऱ्हाडातल्या निम्म्या लोकांच्या खिशांतूनही तसलेच दांडे डोकावत होते.

धक्क्यावर उभ्या झेफेरिनोनं ते दांडे पाहिले आणि टोपी डोळ्यांवर ओढली. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा यानंच छाती ठोकून सांगितलं होतं, बोटं दुखेपर्यंत खेकडे खायला घालीन. बढाई नव्हती ती. खारफुटीत खेकडे काढायला आमच्या खाडीवर त्याचा हात कोणी धरू शकत नाही. तारीखही त्यानंच धरली, फेब्रुवारीतली पौर्णिमा. भरती मोठी असते, होड्या थेट धक्क्याला लागतात. पण याच पौर्णिमेला खेकडे बिळं सोडून जोडीदार शोधायला निघतात, हे जन्मभर चिखलात हात घालणाऱ्या माणसाच्या डोक्यातून साफ गेलं. लेकीच्या लग्नात बापाचं डोकं ठिकाणावर नसतं, दुसरं काय.

खेकडे निघाले की आमच्याकडे त्यांना कोणी हात लावत नाही. झेफेरिनोचं म्हणणं, आज जोड्या उचलल्या तर पुढे बिळं रिकामी. त्याची बायको दोर्वालिना या हिशेबाला नाक मुरडते. तिच्या मते निघालेला खेकडा खाल्ला की खाणाऱ्याचा जोडीदारही असाच घर सोडून चालता होतो. तिच्या मामाची बायको नाही का गेली. लग्न झाल्यापासून दोघं यावर भांडताहेत, आणि लग्न झाल्यापासून या दिवसांत खेकड्यांची टोपली खुंटीला टांगलेली.

चर्चमध्ये लग्न लागलं. मंडळी जेवायला अंगणात आली, तर अंगणभर खेकडे. कुंपणाखालून येत होते, बाकांखालून जात होते. जेवण स्वतःच्या पायांनी चालत आलंय, म्हणत अन्सेल्मो खुशीत बसले आणि हातोडी ताटाशेजारी ठेवली.

ताटात आली कोंबडी, भात आणि साबुकंदाचं भाजलेलं पीठ. अन्सेल्मोंनी चमच्यानं कोंबडी उलटून खाली पाहिलं. नवरी इरासीचा चेहरा पडला. आता सासरी आयुष्यभर हेच ऐकावं लागणार, असं तिला वाटलं असणार, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

“व्याहीबुवा, अंगणात इतके खेकडे, आणि ताटात एकही नाही?”

झेफेरिनोनं एक सबब तयार ठेवली होती. ती ऐन वेळी त्याला आठवेना, ते बरंच झालं.

“माझा शब्द खोटा पडला, कबूल आहे. पण आज त्यांच्यातही लग्नं आहेत. माझ्या पोरीच्या लग्नात दुसऱ्याचं वऱ्हाड कापून कसं वाढू?”

अन्सेल्मोंनी कोंबडी पुन्हा एकदा उलटून पाहिली. तोवर दोर्वालिनानं विहीणबाईंच्या कानात मामाची सगळी हकिकत घातली होती. विहीणबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, ताटाशेजारची हातोडी उचलली आणि मुकाट्यानं आपल्या पिशवीत टाकली.

कोणीतरी फिस्सकन हसलं. अन्सेल्मोही हसणार होते, एवढ्यात त्यांच्या पायाला काहीतरी लागलं. वाकून पाहिलं तर एक खेकडीण टेबलाखालून लगबगीनं चालली होती. अन्सेल्मोंनी हळूच दोन्ही पाय वर घेतले. ती गेली, तरी खाली ठेवले नाहीत.

“पाय वर घ्या रे सगळे,” ते वऱ्हाडाला म्हणाले. “हिचा नवरा मागे राहिलाय.”