मॅक्रोचा हात

"हे हात सुनेत्रा बाविस्करांचे नाहीत," पडद्यावर दुसऱ्यांदा उमटलं आणि सुनेत्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पासवर्ड केव्हाच गेले होते. ती काम करायची त्या हॉस्पिटलचं रिपोर्टांचं पोर्टल आता माऊस हलवण्याच्या ढबीवरून माणूस ओळखायचं. पण तिच्या नावानं नऊ वर्षं माऊस हलवला होता तो तिनं एक्सेलमध्ये लिहिलेल्या मॅक्रोनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामनं. तो ब्राउझर उघडायचा आणि दर सात सेकंदांनी एक क्लिक करत पोर्टलवरचे रिपोर्ट उतरवून घ्यायचा. आज सकाळी तिचा कॉम्प्युटर बदलला आणि मॅक्रोही गेला.

खाली ऑपरेशन थिएटरमध्ये तिचा भाऊ मुरलीधर टेबलावर होता. सर्जनला त्याचा जुना रिपोर्ट हवा होता आणि तो याच पोर्टलवर होता.

"एकेक रिपोर्ट हातानं उतरवते, मान मोडते म्हणायचात ना?" तिचे वरिष्ठ डोंगरदिवेसाहेब कडाडले. "उतरवा की मग! आणखी एकदा चुकलात की पोर्टलला कुलूप."

"तोंड आवरा, साहेब."

तिनं मॅक्रोसारखाच माऊसचा बाण सरळ रेषेत नेला, क्लिक केलं आणि सात मोजले. पोर्टल गप्प राहिलं. दुसरं क्लिक, पुन्हा सात. आता शेवटचं क्लिक उरलं होतं. ती मोजू लागली.

दारात सिस्टर धापा टाकत आली. "सुनेत्राताई, खाली चला. तुमचा भाऊ... रिपोर्ट नको आता."

सुनेत्राचा हात हलला नाही, मानही वळली नाही. पाच. सहा.

सातव्या सेकंदाला तिनं क्लिक केलं आणि पोर्टलनं तिला ओळखलं.